विम्याचा परवाना आणि विम्याची विद्या

गावात नवा वैद्य आला म्हणजे त्याने कोठे अध्ययन केले याची चौकशी लोक करतात. वकिलाला सनद लागते, शिक्षकाला अध्यापनाची पदविका लागते, इतकेच काय पण मोटार हाकणाऱ्यालाही अधिकाऱ्यासमोर गाडी चालवून दाखवावी लागते. परंतु जो मनुष्य ओसरीवर बसून एखाद्या कुटुंबाला वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षांच्या बचतीच्या बंधनात गुंतवितो, आणि ज्याने भरलेल्या एका कागदावर पुढे विधवेच्या व पोरक्या मुलांच्या हाती काही पडेल की नाही हे ठरते, त्या विमा-एजंटाला आपल्या देशात इसवी सन २००० पर्यंत कायद्याने एकही परीक्षा द्यावी लागत नव्हती. ही गोष्ट प्रथमदर्शनी आश्चर्याची वाटेल. ती तशी का झाली, पुढे कशी पालटली, आणि पालटलेले पुन्हा काही अंशी कसे सैल झाले, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

हा इतिहास मुंबईत बसून पाहण्यापेक्षा परतूरसारख्या तालुक्याच्या गावातून पाहणे अधिक उचित होय. मुंबईच्या गृहस्थाला शंका आली तर तो ट्रामने, बसने किंवा पायी चालत कंपनीच्या दारात जाऊ शकत असे. परतूरच्या गृहस्थाच्या दृष्टीने कंपनी म्हणजे एजंट. त्याने सांगितले तो नियम आणि त्याने दाखविले ते कोष्टक. दुसरे साधन नाही.

आज जालना जिल्ह्यात असलेले परतूर हे १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते, आणि त्यापूर्वी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. दुधना नदीच्या खोऱ्यातील हा कापसाचा, ज्वारीचा व तुरीचा मुलूख. १९०० सालच्या सुमारास मनमाडहून हैदराबादेस जाणारी लोहमार्गाची गाडी येथून धावू लागली आणि परतूर स्टेशनाचे गाव झाले. एका तोंडाला मुंबईची वाट, दुसऱ्या तोंडाला हैदराबादची. राज्यकारभाराची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठाची १९१८ पासूनची भाषाही उर्दू, घरातील भाषा मराठी, आणि विम्याचा कागद मात्र इंग्रजी! नाणेसुद्धा निराळे. संस्थानात हाली शिक्क्याचा रुपया चाले. ब्रिटिश हद्दीतील रुपयाला लोक कलदार म्हणत, आणि सात हाली रुपयांना सुमारे सहा कलदार मिळत. मुंबईच्या कंपनीचा हप्ता कलदारात भरावयाचा म्हणजे दरवेळी हा बट्ट्याचा हिशेब आलाच. अशा ठिकाणी ज्याला इंग्रजी वाचता येते आणि मनीऑर्डरीचा फॉर्म भरता येतो, तोच आपोआप विम्याचा पंडित ठरावा यात नवल ते काय?

विम्याचा धंदा मूळचा परका. १८१८ साली कलकत्त्यास ओरिएंटल लाईफ इन्शुरन्स कंपनी निघाली ती मुख्यतः येथे राहणाऱ्या युरोपियनांसाठी. पुढे परदेशी कंपन्या एतद्देशीयांचे विमे घेऊ लागल्या, तेव्हा हिंदी माणसाचे आयुष्य कमी भरवशाचे ठरवून त्याच्याकडून जादा आकार वसूल करीत. मुंबईत १८७० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल सोसायटीने हा भेद मोडला. १८७४ मध्ये ओरिएंटल गव्हर्न्मेंट सिक्युरिटी ही कंपनी मुंबईतच निघाली व ती वाढत वाढत देशातील अग्रगण्य विमा कंपनी झाली. स्वदेशीच्या चळवळीनंतर तर विमा कंपन्यांचे पीकच आले. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर साताऱ्यास १९१३ साली वेस्टर्न इंडिया लाईफ इन्शुरन्स कंपनी उभी राहिली. अण्णासाहेब चिरमुले यांनी ती उभी केली. मुंबई-पुण्याच्या बाहेर, जिल्ह्याच्या गावी मराठी माणसांनी विमा कंपनी काढून ती चालवून दाखवावी, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

परंतु या साऱ्या कंपन्यांत विद्या कोणाकडे असे? ती असे कचेरीत. १९१२ च्या कायद्याने हप्त्यांची कोष्टके आणि वेळोवेळचे मूल्यमापन विमागणितज्ञाकडून प्रमाणित करून घेणे आवश्यक केले. या विमागणितज्ञांची लंडनमधील संस्था १८४८ ची. कचेरीतील इतर अधिकाऱ्यांसाठी लंडनची चार्टर्ड इन्शुरन्स इन्स्टिट्यूट परीक्षा घेई. तिला राजसनद मिळाली तीही १९१२ मध्येच. मुंबईतील होतकरू तरुण लंडनच्या त्या प्रश्नपत्रिकांचा अभ्यास करून पदव्या मिळवीत व नावापुढे अक्षरे लावीत. मुंबईहून परतूरपर्यंत गाडीने येणाऱ्या अगर परतुरातच राहणाऱ्या एजंटाला मात्र कोणी काही विचारीत नसे. जेथे ग्राहक अडाणी, तेथेच विक्रेता अशिक्षित. आणि जेथे चूक झाली तर सुधारावयाला दहा माणसे बसलेली, तेथे मात्र सर्व पदवीधर. ही उलटी व्यवस्था पुढे जवळजवळ शतकभर टिकली.

सरकारचे लक्ष एजंटाकडे प्रथम वळले ते १९३८ च्या विमा कायद्यात. हा कायदा १ जुलै १९३९ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या पंधरा-वीस वर्षांत बेताल कमिशन देणाऱ्या आणि लवकरच बुडणाऱ्या कंपन्या इतक्या निघाल्या होत्या, की कायद्याने चहूकडून कुंपण घालणे प्राप्त होते. कलम ४० ने कमिशन कोणाला द्यावे हे बांधून दिले. कलम ४१ ने एजंटाने आपल्या कमिशनातील वाटा ग्राहकाला सूट म्हणून देण्यास मनाई केली. कलम ४२ ने प्रत्येक एजंटास परवाना घेणे भाग पाडले. मात्र हा परवाना कोणाला मिळू नये, याची यादी पाहण्यासारखी आहे: अज्ञान बालक, वेडा मनुष्य, आणि अफरातफर, विश्वासघात, फसवणूक किंवा खोटे दस्तऐवज करण्याबद्दल शिक्षा झालेला गुन्हेगार. यांपैकी कोणी नसला म्हणजे तो एजंट होण्यास लायक! थोडक्यात, कायद्याने त्याच्या सचोटीची चौकशी केली, ज्ञानाची केली नाही. आणि सचोटीची चौकशी म्हणजे तरी काय, तर तो अद्याप पकडला गेलेला नाही एवढीच.

परतूरला हा कायदाही लगोलग लागू नव्हता, कारण तो ब्रिटिश हिंदुस्थानचा. हैदराबाद संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात भारतात सामील झाले आणि १९५० नंतर विम्याचा हा कायदा पूर्वीच्या संस्थानी प्रदेशांतही आला. त्याच १९५० च्या दुरुस्तीने कमिशनाची मर्यादा ठरवून दिली: पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर सर्वसाधारणपणे शेकडा ३५ पर्यंत, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी साडेसात, आणि त्यापुढे ५. हे आकडे नीट ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. एजंटाच्या वागणुकीचे अर्धे रहस्य त्यांत आहे. ज्याला पहिल्या वर्षी पस्तीस आणि चौथ्या वर्षी पाच मिळतात, तो जुन्या विमेदाराच्या दारी जाण्याऐवजी नव्याच्या शोधात फिरणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

मग आले १९५६ साल. १९ जानेवारीच्या सायंकाळी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून देशाला सांगितले, की जीवनविम्याचा धंदा सरकारने वटहुकुमाने आपल्या ताब्यात घेतला आहे. महाडजवळच्या नात्याचे हे सुपुत्र रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते, आणि त्यांनी ही बातमी फुटू न देता आधी नभोवाणीवरच सांगितली. काही आठवडे आधी, डिसेंबर १९५५ मध्ये, फिरोज गांधी यांनी लोकसभेत दालमिया समूहाच्या विमा कंपनीतील पैशांच्या गैरव्यवहाराला तोंड फोडले होते. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था एकत्र करण्यात आल्या व १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ जन्मास आले. त्या वेळी देशमुख मंत्रिपदावर नव्हते. मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी जुलैतच राजीनामा दिला होता. साताऱ्याची वेस्टर्न इंडियाही महामंडळात विलीन झाली. आणि बरोबर दोन महिन्यांनी, १ नोव्हेंबरला, परतूर हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आले. एकाच पावसाळ्याअखेर परतूरच्या विमेदाराची कंपनीही बदलली आणि राज्यही बदलले; बदलला नाही तो एजंट. तोच मनुष्य, तीच पिशवी, फक्त पावतीवरचे नाव निराळे.

शिक्षणाची सोय नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. निरनिराळ्या शहरांतील विमा-संस्थांचा संघ १९५५ मध्ये मुंबईस स्थापन झाला. तीच आजची इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया. लंडनच्या परीक्षांवर अवलंबून न राहता येथेच लायसेन्शिएट, असोशिएट आणि फेलो अशा चढत्या पायऱ्यांच्या परीक्षा तिने सुरू केल्या. १९६६ मध्ये विमा महाविद्यालय निघाले. १९८० मध्ये राष्ट्रीय विमा अकादमी मुंबईत स्थापन झाली व पुढे ती पुण्यास गेली. पण या परीक्षांना बसणारे बहुतेक नोकरदार. कचेरीतील कारकून परीक्षा उत्तीर्ण झाला तर त्याच्या पगारात व बढतीत फरक पडे. एजंट उत्तीर्ण झाला तर त्याच्या कमिशनात दमडीचीही वाढ होत नसे.

याच संदर्भात अमेरिकेतील एक योगायोग सांगण्यासारखा आहे. १९२७ या एकाच वर्षी त्या देशात विमा-एजंटांसाठी दोन संस्था निघाल्या. मेंफिस गावी बत्तीस एजंट एकत्र जमले व त्यांनी वर्षाकाठी दहा लाख डॉलरचा विमा विकणाऱ्यांचे मंडळ स्थापन केले. ते म्हणजे मिलियन डॉलर राउंड टेबल. आणि त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्राध्यापक सॉलोमन ह्यूबनर यांनी एजंटांसाठी एक महाविद्यालय काढून चार्टर्ड लाईफ अंडररायटर ही परीक्षा सुरू केली. ह्यूबनरांचे म्हणणे असे, की विमा सांगणाऱ्याने वकील किंवा वैद्य यांच्या तोडीचे अध्ययन केले पाहिजे. आपल्याकडे या दोहोंपैकी पहिल्या संस्थेचा बोलबाला अधिक झाला. तालुक्याच्या गावीसुद्धा एजंटाच्या घरावर क्लबाच्या सभासदत्वाची पाटी दिसेल, सत्कारसमारंभातील छायाचित्रे दिसतील. ही मानचिन्हे खोटी नव्हेत, ती कष्टाने मिळविलेली असतात. पण ती किती विकले हे सांगतात, काय कळते हे सांगत नाहीत.

आता कोणी म्हणेल, विमा सांगावयाला एवढी विद्या हवी कशाला? जगलात तर तुम्हाला, मेलात तर घरच्यांना, झाले! येथेच थोडे थांबले पाहिजे, कारण सर्व विषयाचे मर्म येथे आहे.

प्रथम प्रस्तावाचा फॉर्मच घ्या. परतूर तालुक्यातील एखादा शेतकरी अंगठा उठवितो किंवा मोडीत-बाळबोधीत सही करतो, आणि प्रश्नांची उत्तरे एजंट लिहितो. पूर्वी कोणता आजार होता? इस्पितळात राहिला होता काय? आईबाप कोणत्या वयात वारले? शेतकरी सांगतो, की गेल्या साली जालन्याच्या डॉक्टराकडे छातीच्या दुखण्यासाठी गेलो होतो. अर्धवट माहितीचा एजंट म्हणतो, ते लिहावयाची गरज नाही, उगाच तपासणी वाढेल. फॉर्मवर ‘नाही’ असे उत्तर पडते. १९३८ च्या कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे दोन वर्षे उलटल्यावर असे विमापत्र सहजासहजी रद्द करता येत नसे. कंपनीला लबाडी व जाणूनबुजून केलेली लपवणूक सिद्ध करावी लागे. पण त्या दोन वर्षांच्या आत मृत्यू झाला तर? मग ते एक ‘नाही’ त्या विधवेच्या दाराशी येऊन उभे राहते. इंग्लंडच्या न्यायालयाने १९२९ मध्ये असे ठरविले, की ग्राहकाच्या सांगण्यावरून फॉर्म भरणारा एजंट त्या कामापुरता ग्राहकाचाच लेखक होय. त्याची चूक ती ग्राहकाची चूक. म्हणजे कमिशन कंपनीचे आणि हस्तदोष शेतकऱ्याचा! कलम ४५ मध्ये २०१५ साली मोठी सुधारणा झाली. तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कोणत्याही कारणाने विमापत्रावर आक्षेप घेता येत नाही असे ठरले. परंतु पहिली तीन वर्षे पूर्वीइतकीच जोखमीची आहेत.

दुसरी गोष्ट हप्त्याची. परतूरसारख्या ठिकाणी पिढ्यान् पिढ्या हप्ता एजंटाच्या हाती देण्याची चाल होती. बाजाराच्या दिवशी गाठ पडली की पैसे द्यावयाचे, पावती मागाहून. सर्वोच्च न्यायालयापुढे १९९७ मध्ये असाच एक खटला निकालात निघाला. विमेदाराने हप्त्याचा धनादेश एजंटाकडे दिला, एजंटाने तो पैसा वेळेवर भरला नाही, मध्यंतरी विमेदार अपघातात दगावला. न्यायालयाने सांगितले, की महामंडळाच्या १९७२ च्या नियमांप्रमाणे एजंटाला हप्ता गोळा करण्याचा अधिकारच नाही. सबब त्याला दिलेला पैसा महामंडळाला पोहोचला असे मानता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल योग्यच असेल. परंतु त्या वेळी मराठवाड्यातील किती विमेदारांना हा नियम ठाऊक होता? आणि किती एजंटांनी तो आपण होऊन सांगितला असेल? पुढे महामंडळाने काही निवडक एजंटांना हप्ता स्वीकारण्याचा रीतसर अधिकार दिला. पण असा अधिकार कोणाला आहे व कोणाला नाही, हे पाहण्याची जबाबदारी अजून विमेदारावरच पडते.

तिसरी गोष्ट वारसाची. लोक म्हणतात, ‘पॉलिसीला बायकोचे नाव लावले’, आणि निश्चिंत होतात. वस्तुतः नामनिर्देशन म्हणजे वारसाहक्क नव्हे. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नाव लावलेली व्यक्ती पैसा स्वीकारण्यापुरती. मालकी वारसा कायद्याप्रमाणे. २०१५ च्या दुरुस्तीने आईबाप, पतिपत्नी व मुले यांचे नाव लावल्यास त्यांना तो पैसा स्वतःचा म्हणून मिळावा असे केले. बत्तीस वर्षांच्या अंतराने नियम पार फिरला. ज्या एजंटाने जुना नियम पाठ केला, तो नवा सांगेल कसा?

आणि चौथी, परतूरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यात सहावे कलम आहे. १९२३ पासून ते हिंदूंसही लागू झाले. नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा पत्नीच्या व मुलांच्या लाभासाठी आहे असे विमापत्रावरच नमूद करून उतरविला, तर तो त्यांचा विश्वस्तनिधी होतो, आणि नवऱ्याच्या सावकाराला त्यावर हात टाकता येत नाही. कपाशी बुडाली, कर्ज राहिले, घरधनी गेला, अशी घरे या मुलखात थोडी नाहीत. त्यांना हे कलम म्हणजे केवढे संरक्षण! त्यासाठी खर्च काहीच नाही. विमा उतरवितेवेळी एक जादा कागद भरावा लागतो. मात्र तो तेव्हाच भरावा लागतो. ज्या एजंटाला हे कलम ठाऊक नाही, त्याच्या अज्ञानाची किंमत त्याला कधीच मोजावी लागत नाही.

तर असो. १९९३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर मल्होत्रा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. १९९४ च्या आरंभी तिने अहवाल दिला. पुढे १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण निर्माण झाले आणि खाजगी कंपन्यांना दारे पुन्हा उघडली. त्याच कायद्याने जुन्या कलम ४२ मधील त्या यादीत नवी वाक्ये घातली गेली. ज्याच्याकडे विहित शैक्षणिक पात्रता व प्रत्यक्ष शिक्षण नाही, आणि जो परीक्षा उत्तीर्ण नाही, तोही अपात्र. बालक, वेडा आणि लफंगा यांच्या पंक्तीला अखेर अशिक्षितही येऊन बसला! त्यासाठी १९३८ नंतर एकसष्ट वर्षे जावी लागली. हे प्राधिकरण २००१ मध्ये दिल्लीहून हैदराबादेस हलले, म्हणजे परतूरच्या एजंटाचे नियम पुन्हा हैदराबादहूनच येऊ लागले.

२००० सालचे नियम असे होते: पाच हजार किंवा अधिक वस्तीच्या गावात राहणाऱ्याला बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक, त्याहून लहान गावात दहावी पुरे. परतूर नगरपरिषदेचे गाव असल्यामुळे तेथील उमेदवाराला बारावी हवी. आणि शिवेपलीकडच्या खेड्यातील उमेदवाराला दहावी चाले. ग्राहक अनेकदा एकच. हा भेद करण्यामागे खेड्यात बारावी शिकलेली माणसे मिळणार नाहीत अशी समजूत असावी. त्यानंतर मान्यताप्राप्त संस्थेत १०० तासांचे शिक्षण घ्यावयाचे व परीक्षा द्यावयाची. पुढे हे तास निम्मे करण्यात आले. ज्यांच्याकडे इन्स्टिट्यूटची असोशिएट किंवा फेलो ही पदवी होती त्यांना तासांत सवलत होती, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षे दुर्लक्षित राहिलेल्या त्या परीक्षांची एजंटाच्या बाबतीत प्रथमच कायद्याने कदर केली. परीक्षा मराठीतूनही देता येऊ लागली, आणि अभ्यासाचे पुस्तक मराठीत आले. ज्या मुलखात विम्याचा कागद इंग्रजी, कचेरी उर्दू आणि ग्राहक मराठी होता, तेथे हे छोटेसे पुस्तक म्हणजे लहान घटना नव्हे, जरी त्याचे मराठी जागोजागी शब्दकोशातून उचलल्यासारखे आहे. एजंटाला ‘अभिकर्ता’ म्हणावे असे सरकारी कागद सांगतो. लोक अजून ‘एलआयसीवाले’ म्हणतात व दोघांचेही समाधान होते.

परीक्षेचे स्वरूप पुढे स्थिरावले ते पन्नास प्रश्न, एक तासाचा अवधी आणि उत्तीर्ण होण्यास शेकडा ३५ गुण असे. शालान्त परीक्षेतही पस्तिसाचीच रेघ असते. परंतु शालान्त परीक्षेत पस्तीस गुण मिळविणारा मुलगा न आलेल्या पासष्टांमुळे स्वतःचेच नुकसान करून घेतो. येथे ते पासष्ट दुसऱ्याच्या घरात खर्ची पडतात.

या व्यवस्थेतील सर्वांत चांगला भाग परीक्षा नव्हेच. परवाना तीन वर्षांचा असे, आणि नूतनीकरणापूर्वी आणखी २५ तासांचे शिक्षण घ्यावे लागे. तीन वर्षांत पंचवीस तास म्हणजे महिन्याला पुरता एक तासही नाही. पण एकदा शिकून भागत नाही हे तत्त्व त्यात मान्य झाले होते. त्याची गरज किती होती हे त्याच दशकाने दाखविले. २००१ नंतर बाजारात शेअरबाजाराशी निगडित विमायोजनांची लाट आली. तीन वर्षे हप्ते भरा आणि विसरून जा, असे सांगून त्या खेडोपाडी विकल्या गेल्या. बाजार पडला तेव्हा विमेदारांना कळले, की पैसा कोठे गुंतला होता. सप्टेंबर २०१० पासून प्राधिकरणाने पैसे अडकून राहण्याची मुदत तिनाची पाच वर्षे केली व आकारांना लगाम घातला. या एजंटांत सर्वच लबाड नव्हते. पुष्कळांना ते जे विकत होते तेच समजले नव्हते, कारण त्यांचे सारे शिक्षण जुन्या धर्तीच्या विमापत्राचे.

२०१५ च्या दुरुस्तीने व २०१६ च्या नियमांनी ही घडी पुन्हा मोडली. प्राधिकरणाचा परवाना गेला. एजंटाची नेमणूक आता कंपनीच करते. प्रवेशपरीक्षा राहिली, दहावीची अट सर्वत्र सारखी झाली, परंतु नूतनीकरणच उरले नाही, आणि नूतनीकरणासोबतचे ते पंचवीस तासही गेले. यात कागदपत्रांचा जाच कमी झाला हे खरे. एखाद्या खेड्यातील एजंटाला परवान्याच्या तारखेपायी हेलपाटे घालावे लागत, तेही वाचले. तथापि शिक्षण द्यावे की न द्यावे हे ज्या कंपनीला विक्रीची घाई आहे तिच्यावरच सोपविले गेले, आणि कंपन्यांच्या बैठकांत नव्या योजनेची वैशिष्ट्ये सांगितली जातात, कलम ४५ क्वचितच.

याउलट शहरातील विमादलाल, जो कारखान्यांचे व मोठ्या धनिकांचे विमे पाहतो, त्याच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी पंचवीस तासांची अट नियमांत कायम ठेवली आहे. ज्याच्या ग्राहकापाशी स्वतःचे हिशेबनीस व वकील आहेत, त्याच्या सल्लागाराने पुन्हा शिकावे. आणि ज्याच्या ग्राहकापाशी एजंटाशिवाय कोणी नाही, त्याने एकदा पस्तीस गुण मिळविले की जन्मभर पुरे. १९१२ साली कचेरी शिकलेली आणि ओसरी न शिकलेली होती. शंभर वर्षांनी थोड्या निराळ्या वेषात तीच व्यवस्था परतली आहे.

नियम मात्र थांबलेले नाहीत. १ ऑक्टोबर २०२४ पासून विमापत्र मध्येच सोडून देणाऱ्याला मिळणाऱ्या रकमेची रीत बदलली, आणि पहिल्या वर्षानंतर सोडणाऱ्यालाही काही परत मिळण्याची तरतूद झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवनविम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर उठला. गावागावांत, मुख्यत्वे स्त्रियांनी, विमा पोहोचवावा म्हणून ‘बिमा वाहक’ नेमण्याचे मार्गदर्शन प्राधिकरणाने २०२३ मध्ये केले आहे. त्या बायकांना कोण, किती तास आणि कशाचे शिकविणार, यावर त्या योजनेचे पुष्कळ अवलंबून आहे.

इन्स्टिट्यूटच्या लायसेन्शिएट परीक्षेचे दार आजही कोणाही एजंटाला खुले आहे. शुल्क पदरचे भरावयाचे, अभ्यास बाजाराच्या दिवसानंतर रात्री करावयाचा, आणि उत्तीर्ण झाल्यावर कमिशन होते तेवढेच राहते. तरीही लहान गावांतून काही एजंट त्या परीक्षेला बसतात.